पाणंद बुजली की वाट पिकातून पडते



पाणंद म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दोन शेतांच्या मधून, दोन्ही अंगांच्या कुंपणांमधून किंवा गडग्यांमधून जाणारी ती अरुंद वाट. गाडी तिथून जाते, गुरे तिथून जातात, पावसाचे पाणीही कधी कधी तिथूनच जाते. पाणंदीत काही पिकत नाही, म्हणून तिची किंमत कुणाला वाटत नाही. एक जण आपला बांध हातभर पुढे सरकवतो, दुसरा तिच्यात काट्यांचा ढीग टाकतो, तिसरा तिच्यात उसाची एक सरी वाढवतो. दहा वर्षांनी पाणंद फक्त नकाशावर उरते आणि माणसे-गुरे शेजाऱ्याच्या पिकातून जाऊ लागतात. मग भांडण होते. त्या भांडणात दोष येतो तो चालणाऱ्यावर. पाणंद कुणी बुजवली, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

रानातल्या जनावरांचीही अशीच पाणंद असते. ती कशी असते, आपल्या शेतीच्या बदलत्या पद्धतीने ती कशी रुंद-अरुंद होते, आणि ती बुजली तर त्याचा भुर्दंड कुणाला पडतो, हे या पाठात पाहू या.

१. जनावरांना वाट कशाला हवी?

पुष्कळांना वाटते की जनावराला जंगल दिले की झाले. पण जंगलाचा एक तुकडा कितीही चांगला असला तरी एकटा पुरत नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पोटाचे. मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. एका जागी राहून तो मिळत नाही, म्हणून हत्ती सतत चालता असतो. गवारेडाही उन्हाळ्यात पाण्याकडे आणि पाऊस पडल्यावर कोवळ्या गवताकडे सरकतो.

दुसरे कारण घराचे. वाघाचा बच्चा दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. नर असेल तर तो नवी हद्द शोधायला दूर जातो. मादी बहुधा आईच्या शेजारीच जागा धरते. जाणाऱ्याला वाट मिळाली नाही तर तो जुन्या नराशी लढून मरतो किंवा गावाकडे येतो.

तिसरे कारण रक्ताचे. गोठ्यात पिढ्यान् पिढ्या एकच वळू फिरवला तर वासरे खुजी आणि रोगट निपजतात, हे आपण जाणतो. म्हणून आपण परगावचा वळू आणतो. रानात परगावचा नर स्वतः चालत यावा लागतो. मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा या मध्य भारतातल्या जंगलांतल्या वाघांच्या विष्ठेवरून त्यांचे नातेसंबंध तपासले गेले आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जंगलांमधला झाडीचा पट्टा शाबूत होता, त्यांच्यातले नाते टिकून होते. जिथे पट्टा तुटला होता, तिथे दुरावा पडला होता. म्हणजे वाट तुटल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो पुढच्या पिढ्यांत उतरतो.

२. आपल्या डोंगरातली वाट

सह्याद्रीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला कोयना आणि चांदोली. हे दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. खाली राधानगरी. त्याखाली आजरा-चंदगडचे डोंगर, आंबोली आणि दोडामार्गची तिलारी. पुढे गोव्यातली म्हादई, खानापूर तालुक्यातले भीमगड (ते २०११ मध्ये अभयारण्य झाले), आणि शेवटी दांडेली-जोयड्याचे काळी व्याघ्र प्रकल्पाचे मोठे रान. नकाशावर ही हिरव्या मण्यांची माळ दिसते. मणी सरकारने राखले आहेत. पण मण्यांमधला दोरा कुणाचा? तो बऱ्याच ठिकाणी आपलाच आहे: आपली काजूची बाग, आपले माळरान, आपल्या ओढ्याकाठची झाडी, आपली देवराई. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला तर बरेचसे रानही खासगी मालकीचे आहे.

हा दोरा अजून तुटलेला नाही, याचा पुरावा एका वाघानेच दिला. २०१८ मध्ये सह्याद्री प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात ज्याचे छायाचित्र आले होते, तोच वाघ २०२० मध्ये काळीच्या जंगलात दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून त्याची ओळख पटली. हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या अंतरात किती गावे, किती रस्ते आणि किती शेते आली असतील, याचा अंदाज आपल्याला आहेच.

पण दोरा बारीक झाला आहे, याचाही पुरावा आहे. सह्याद्री प्रकल्पात अलीकडची काही वर्षे जे वाघ दिसत होते ते नरच होते. नर लांबून चालत येतो. मादी तशी येत नाही. तिला वाटेत थांबायला, पिल्ले वाढवायला जागा लागते. एक पिढी इथे, पुढची थोडी पुढे, अशी ती सरकते. मधल्या पट्ट्यात तशी निवांत जागा उरली नाही की मादी पोहोचत नाही. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या रानातली एक वाघीण पकडून, गाडीत घालून चांदोलीला आणावी लागली.

३. शेती बदलत गेली, तशी वाटही

ही वाट एका दिवसात अरुंद झालेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचा हिशेब मांडला तर तो असा दिसतो.

कुमरी आणि वरकस. पूर्वी डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरीत. दोन-चार वर्षांनी जमीन दमली की ती सोडून दुसरीकडे जात. इंग्रज अमदानीत जंगल खात्याने कुमरीला आळा घातला. त्या पद्धतीने झाडांची हानी होई, हे खरे. पण सोडलेल्या जागी झुडपे परत वाढत आणि जनावराला लपायला आडोसा मिळे.

खाचरे आणि गायरान. खोऱ्यात भाताची खाचरे, बांधावर आंबा, फणस, जांभूळ, वर गायरान आणि कुंपणाला निर्गुडी, निवडुंग किंवा करवंदीची जाळी. पीक पावसाळ्यात असे. सुगी झाली की रान मोकळे. दिवसा माणूस आणि रात्री जनावर, अशी जणू वाटणीच होती.

काजू. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणले आणि पुढे ते सगळ्या कोकणभर पसरले. काजूची बाग म्हणजे जंगल नव्हे. तिथे जुन्या रानातली पुष्कळ झाडे आणि पाखरे राहत नाहीत. तरी ती अडवतही नाही. खाली थोडी झुडपे असली तर गवा, भेकर, उदमांजर तिच्यातून निघून जाते. बोंडूही खाते. पण तीच बाग सपाट झाडून, सगळ्या बाजूंनी तारेने बंद केली की ती भिंत होते.

ऊस. पाणी उपसून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस आला. ऊस दहा-बारा महिने उभा असतो. आडसाली असला तर दीड वर्षापर्यंत. बिबट्याच्या दृष्टीने ते रानच. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, जिथे राखीव जंगल नाही आणि माणसांची वस्ती दाट आहे, तिथे दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र हे रान फसवे आहे. गळीत हंगाम आला की काही आठवड्यांत ते नाहीसे होते आणि आत वाढलेली मादी पिल्लांसह उघड्यावर येते.

रबर आणि अननस. दोडामार्गच्या बाजूला गेल्या काही दशकांत रबराच्या आणि अननसाच्या बागा आल्या. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी मिश्र झाडीचा डोंगर एकदम मोकळा केला गेला. रबराखाली झुडूप ठेवत नाहीत. तिथे खायला नाही, लपायला नाही, आणि भोवती कुंपण.

या सगळ्यात कुणी पाप केले असे नाही. प्रत्येकाने आपल्या घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी पीक बदलले. पण पाणंदीचेही असेच होत नाही का? प्रत्येकाने हातभरच घेतलेले असते.

४. वाट बुजल्यावर काय होते?

हत्तींचे पाहा. २००२ मध्ये कर्नाटकाच्या बाजूने हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले, आणि थोड्याच काळात ते चंदगड-आजऱ्याच्या बाजूलाही दिसू लागले. इथल्या चालत्या पिढीने शेतात हत्ती पाहिला नव्हता. केळी, माड, सुपारी, भात, ऊस. एका रात्रीत वर्षाची कमाई जमीनदोस्त झालेली घरे या भागात पुष्कळ आहेत. माणसेही दगावली आणि हत्तीही. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले, तरी प्रश्न संपला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात एक तरुण हत्ती सिंधुदुर्गातून थेट गोव्याच्या पेडणे तालुक्यात भातशेतीत आला. एक हत्ती पकडून वाट बंद होत नाही, कारण त्याला हलवणारी भूक आणि तुटलेले रान जागच्या जागीच असते.

दुसरी घटना अधिक दुःखाची. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले. त्यांना विष घातले गेले होते. वाघिणीने गुरे मारली, त्या रागातून हे घडले असे तपासात पुढे आले. वर आपण पाहिले की या डोंगरात मादी आणि पिल्ले हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. तीच चार जिवांनिशी गेली. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या घरी दोन दुभत्या म्हशींवर संसार चालतो, त्याची एक म्हैस गेली तर त्याचे अर्धे घर जाते. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, तर वाघ वाचवण्याचा सगळा खर्च सर्वांत गरीब माणूस उचलतो. वाट मोकळी ठेवा असे शेतकऱ्याला सांगणाऱ्याने त्याचे नुकसान भरून देण्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे.

५. शेतातूनही वाट राहू शकते

मग शेती सोडावी काय? मुळीच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये पट्टा बांधला होता, त्यामुळे तो कुठे जातो हे कळत होते. पावसाळ्याच्या तोंडाला तो निघाला. विदर्भ-मराठवाड्यातून आणि तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजूने फिरत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर तो १,३०० किलोमीटरांहून अधिक चालला होता. त्याची बरीचशी वाट कापूस-तुरीच्या शेतांतून आणि ओढ्या-नाल्यांच्या काठाने गेली. तो दिवसा आडोशाला पडून राही आणि रात्री चाले. एवढ्या प्रवासात एक माणूस त्याच्या पंजाने जखमी झाला. कुणाचा जीव गेला नाही. ज्यांच्या शेतातून तो गेला, त्यांतल्या बहुतेकांना तो गेल्याचे कळलेही नसेल.

त्याआधी २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेला. लोक त्याला ‘आजोबा’ म्हणत. त्यानेही वाटेत कुणाला इजा केली नाही.

या दोन जनावरांकडून एकच गोष्ट शिकायची. वाटसरूला शेत नको असते. त्याला शेतातून पलीकडे जायचे असते. नाल्याकाठी चार झाडे आणि थोडी झुडपे असली की तो तिथून जातो. नसली की पिकातून, अंगणातून जातो.

६. आरोग्याची बाजू

रान आणि शेत यांची सरहद्द जितकी वेडीवाकडी आणि लांब, तितकी माणूस, गुरे, माकडे आणि गोचिडी यांची गाठ जास्त वेळा पडते. माकडताप हे त्याचे आपल्या भागातले उदाहरण. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर रानाजवळ प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ आली. काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि बहुधा डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात वाढतो. रान आणि बागा एकमेकांत मिसळलेल्या भागात त्याचा धोका अधिक असतो.

लक्षात ठेवा:

बागेत जाताना अंगभर कपडे घाला. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावा. घरी आल्यावर गरम पाण्याने, साबणाने आंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात टाका. पालापाचोळ्यावर नुसते बसू नका.

माकड मेलेले दिसले तर हात लावू नका. आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवा.

एकाएकी जोराचा ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, अंग मोडून येणे, नाका-हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काही झाले तर घरी औषध करीत बसू नका. डॉक्टरांना आपण रानात गेलो होतो हे मुद्दाम सांगा.

कोल्हा, कुत्रा किंवा इतर जनावर चावले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नका.

७. आपण काय करू शकतो?

पुढील गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या गावाने मिळून केल्या तर अधिक उपयोग होतो.

(अ) ओढ्या-व्हाळाच्या दोन्ही काठांची झाडी तोडू नका. तिथे पीक तसेही वाहून जाते. झाडीने काठ खचत नाही, विहिरीला पाणी राहते आणि जनावराला पिकाबाहेरची वाट मिळते.

(आ) बांधावरची झाडे आणि जिवंत कुंपण राखा. त्यात मधमाशी राहते, ती काजू-आंब्याला उपयोगी पडते. जुन्या झाडाच्या ढोलीत घुबड राहते आणि ते उंदीर खाते.

(इ) काजूची साफसफाई करताना झाडाखालची जागा साफ करा, पण रानाला लागून असलेला एखादा पट्टा तसाच सोडा. देवराईला हात लावू नका.

(ई) कुंपण घालायचे तर घर, गोठा आणि महत्त्वाचे पीक यांना घाला. सगळा डोंगर बंद करू नका. सौर कुंपण मान्यताप्राप्त यंत्राचे असावे. तारेत घरची वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला आपल्याच घरचा माणूस किंवा शेजाऱ्याचे पोर चिकटून मरते.

(उ) गुरे रात्री बंदिस्त गोठ्यात बांधा. गोठ्याला दार आणि वर जाळी हवी. कोंबड्या व शेळ्याही मोकळ्या ठेवू नका.

(ऊ) ऊस तोडताना एका बाजूने सुरुवात करा आणि ओढ्याची किंवा रानाची बाजू शेवटी ठेवा, म्हणजे आत असलेल्या जनावराला निघून जायला सवड मिळते. चारही बाजूंनी तोडत मध्ये येऊ नका. बिबट्याची पिल्ले सापडली तर हाताळू नका, घरी आणू नका. वन खात्याला कळवा आणि त्यांच्या सल्ल्याने पिल्ले त्याच जागी ठेवा. मादी बहुधा रात्री येऊन त्यांना नेते.

(ए) गुरू मारले गेले किंवा पीक नासले तर त्याच दिवशी वन खात्याला कळवा. मेलेले जनावर हलवू नका, पंचनामा होऊ द्या, कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. लिहिता न येणाऱ्या शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्या. मढ्यावर विष कधीही घालू नका; ते कुत्र्याला, गिधाडाला आणि ओढ्याच्या पाण्यावाटे आपल्यालाही मारते.

(ऐ) गावच्या बैठकीत म्हाताऱ्या माणसांना विचारून एक साधा नकाशा काढा. गवे कुठून उतरतात, हत्ती कुठे ओढा ओलांडतो, पूर्वीची वाट कुठली होती, हे त्यावर दाखवा. नवे कुंपण, नवी बाग किंवा घर करण्याआधी तो नकाशा पाहण्याची सवय लावा.

पाणंद मोकळी ठेवणारा शेतकरी दुसऱ्यावर उपकार करीत नाही. तो आपले पीक तुडवले जाण्यापासून वाचवतो, आणि उद्या आपल्या गाडीलाही वाट ठेवतो. रानाच्या पाणंदीचेही तसेच आहे. आपल्या वडिलांच्या वेळी ती किती रुंद होती हे आपल्याला आठवते. आपल्या मुलांच्या वेळी ती किती राहील, ते आपण या वर्षी कुठे कुऱ्हाड घालतो आणि कुठे तार ओढतो यावर ठरेल.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या वाड्याजवळच्या ओढ्याच्या काठी तीस वर्षांपूर्वी कोणती झाडे होती? आज कोणती आहेत?

२. आपल्या गावात गवे, रानडुकरे किंवा हत्ती कोणत्या वर्षापासून पिकात येऊ लागले? त्याच्या आधी डोंगरावर काय बदल झाला होता?

३. गेल्या वर्षी नुकसान झालेल्या किती घरांनी भरपाईचा अर्ज केला? ज्यांनी केला नाही, त्यांनी का केला नाही?

४. आपल्या जमिनीतला कोणता एक पट्टा पिकाचे फारसे नुकसान न होता झाडीखाली सोडता येईल?